लोटाभर पेल एल

हिरडामाली स्टेशन मागे पडलं, छोट्या लाईनची ती गाडी पुन्हा आपल्या डुलत्या चालीला लागली, आणि रुख्माच्या शेजारी बसलेल्या निर्मलाबाई मावशींचं घोरणंही चालीला लागलं. एवढ्यात समोरच्या बाकाखाली ‘ठो’ असा आवाज झाला. नुसता आवाज असता तर भागलं असतं. पण एक बूच उडून थेट डब्याच्या छतावर आपटलं, आणि पाठोपाठ पांढऱ्या फेसाचा असा काही फवारा उडाला, की रुख्माचं नवंकोरं हिरवं लुगडं पदरापासून निऱ्यांपर्यंत न्हाऊन निघालं. कपाळावर फेस, नाकावर फेस, ओठांवरही फेस!

"अवो माय, इंजिन फुटलं वो!" मावशी किंचाळतच उठल्या.

"नाही जी, इंजिन नाही... बाटली... माफ करा जी, माफ करा—"

समोरचा तरुण घाईघाईने बाटलीच्या तोंडावर तळहात दाबत होता, आणि तो जितका दाबत होता तितका फेस बोटांच्या फटींतून चहूकडे उडत होता. कुरळे केस, लांब नाक, आणि घाबरलेले मोठाले डोळे. एरवी रुख्माला हसू आलं असतं. पण तेवढ्यात वास पसरला. आंबलेल्या धान्याचा, आणि त्यातच कसल्याशा फुलांचा. डब्यातली सगळी तोंडं तिच्याकडे वळली.

"दिवसाढवळ्या कोन पिऊन बसलं जी?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

रुख्माला वाटलं, खिडकीतून उडी टाकावी. गाडी इतकी सावकाश चालली होती की टाकलीही असती तरी फारसं लागलं नसतं. तिने पदराने तोंड पुसलं, आणि पुसता पुसता नकळत ओठांवरून जीभ फिरली.

कडू होतं ते. कडूच, पण त्या कडूमागे दुसरं काहीतरी होतं... गोडसर, गार, ओळखीचं नसलेलं. तिची जीभ पुन्हा ओठांकडे गेली. मग आपण काय करतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

ही लाज रुख्माला नवी नव्हती. कामठ्याला तिच्या आजोबांची मोहाच्या दारूची भट्टी होती. ती लहान असतानाच बापाने, श्यामलालने, भट्टी विझवली आणि किराण्याचं दुकान टाकलं. भट्टी विझली, पण गावाचं तोंड कोण विझवणार? शाळेत पोरी तिला ‘भट्टीवाली’ म्हणत. वयात आली तशी दोन स्थळं सांगून आली, आणि आजोबांचा धंदा कानावर जाताच दोन्ही मुकाट परत गेली. तेव्हापासून मोहाची फुलं वेचायलाही ती कधी बाहेर पडली नाही. आणि आज बघा, भर गाडीत तिच्या अंगाला हा वास!

तरुणाने ती बाटली कशीबशी शांत केली आणि पिशवीतली दुसरी चाचपून तशीच परत ठेवू लागला. त्या क्षणी रुख्माला काय झालं कोण जाणे. तिने हात पुढे केला, बाटली घेतली आणि कानाला लावली.

"हेबी बोलून राहिली," ती म्हणाली. "बूच ढिलं करा, नाही तं हेबी उडन. आतलं निवल्याबिगर कायले भरलं जी बाटलीत?"

त्याने बूच सैल केलं. बाटलीने सुस्कारा सोडला. तो बाटलीकडे बघतच राहिला, मग रुख्माकडे.

"तुमाले कसं समजलं?"

कसं समजलं! चार वर्षांची असताना आजोबांच्या मांडीवर बसून तिने किती मडक्यांना कान लावला होता. भिजवलेली मोहफुलं मडक्यात कुजबुजत असतात. ती गप्प झाली की काम झालं. आजोबा म्हणायचे, हात घालू नको, कान दे. पण हे सांगायचं कुणाला?

"आमच्या घरी... लोनच्याच्या बरन्या असतात," ती पुटपुटली.

"तुमच्याकडे लोनचं बोलते?" त्याचे डोळे हसले.

"आंबलं का बोलते."

"कोन्या गावचं म्हनायचं हे बोलकं लोनचं?"

"गोंदियाचं," ती म्हणाली. कामठ्याचं नाव तिच्या तोंडून निघालं नाही.

मावशींनी डोळे वटारले. तरुण खिडकीकडे वळला. पण मावशींचं गाव, सौंदड, येईपर्यंत त्याची नजर दर थोड्या वेळाने खिडकीबाहेरच्या कापणीला आलेल्या धानाकडे जाई आणि वाट चुकल्यासारखी रुख्मावर येऊन थांबे. तिने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. नजर किती वेळा आली, हे मात्र तिला नेमकं ठाऊक होतं.

*

मावशींनी लुगडं रिठ्याने धुतलं, मग शिकेकाईने धुतलं, आणि धुता धुता सगळा राग बाहेर काढला. "उद्या मंडई हाये, परवा पाहुने येऊन राहिले. अन तू दारूत न्हाऊन आली! दुधरामजीचं घर हाये ते, ठाऊक हाये नं?"

ठाऊक नसायला काय झालं? समाजात दुधरामजींचं नाव लहान पोराला माहीत होतं. ऐन तारुण्यात त्यांनी आपल्याच बापाच्या भट्टीची मडकी चौकात आणून फोडली होती, आणि समाजाकडून तुळशीवर हात ठेवून दारू सोडण्याच्या शपथा घेववल्या होत्या. त्यांचा मुलगा केवळराम गोंदियाला रेल्वेत होता, एवढंच मावशींना कळलं होतं. त्याला पाहिलं कुणीच नव्हतं. कामठ्यात भट्टीचा विषय निघेल म्हणून मावशींनी पाहण्याचा कार्यक्रम आपल्याच घरी ठेवला होता.

"भट्टीचं नाव काढशीन तं पाहाय," मावशी म्हणाल्या. "मी सांगन तेच खरं."

दुसऱ्या दिवशी मंडई भरली. दिवाळीनंतरची ती जत्रा. माहेरवाशिणी, पाहुणेरावळे, बांगड्यांची दुकानं, आणि रात्रीच्या दंडारीच्या, नाच-नाटकाच्या मंडपासाठी खांब रोवणाऱ्या पोरांचा गलका. मावशी बांगड्या भरायला बसल्या. एकदा त्यांनी बांगडीवालीशी भाव करायला सुरुवात केली की दुपार तिथेच जाणार, हे रुख्माला माहीत होतं. ती गर्दीतून निघून बोडीच्या, गावच्या छोट्या तळ्याच्या काठाकडे गेली. भुरभुर पाऊस सुरू झाला होता, थंडीतला, कुणालाच नको असलेला. काठावरच्या आंब्याखाली गाडीतला तो तरुण उभा होता. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला पितळी लोटा.

"लोनच्यावाल्या बाई!" तो म्हणाला. "सकाळपासून तुमालेच पाहून राहिलो."

"कायले?"

"लुगड्याची माफी मागाची होती." त्याने लोटा पुढे केला. "अन... एक बाटली वाचली. तुमच्या कानामुळं वाचली. विहिरीत सोडून ठेवली होती रातभर. म्हटलं, तुमाले चाखवल्याबिगर पिनं बरं नाही."

"मी दारू पीत नाही." हे ती इतक्या जोरात म्हणाली की आंब्यावरचा बगळा उडाला.

"दारू नाही जी. पेल एल म्हनतात हिले. इंडिया पेल एल." त्याने ते नाव असं उच्चारलं, जणू एखाद्या सोयऱ्याची ओळख करून देतो आहे. मग तो सांगू लागला. गोंदियाच्या रेल्वे कॉलनीत पीटर्स म्हणून एक म्हातारे निवृत्त गार्ड राहत. त्यांच्या आउटहाउसमध्ये हा भाड्याने राहायचा आणि लोको शेडात फिटर होता. साहेबांचे हात आता थरथरत, म्हणून जव भिजवून मोड आणणं, वाळवणं, भाजणं, उकळणं, गाळणं हे सगळं हाच करायचा. करता करता नाद लागला. "विलायतेहून डब्यात सुकी फुलं येतात जी. हिरवी, कडू. जुन्या काळी तिथून इथं जहाजानं बिअर येत जाय. वाटेत नासू नोये म्हनून हे कडू फुलं जास्त टाकत. म्हनून इंडियाचं नाव."

"म्हंजे आपल्या नावाची, अन आपल्याले ठाऊक नाही?"

"म्हनून तं म्हनतो, चाखा."

पाऊस पानांवर वाजत होता. मंडईचा गलका दूर राहिला होता. रुख्माने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. लोट्यातून बाई पाणी पिते आहे, यात बघण्यासारखं काय आहे?

तिने आधी वास घेतला. डोळे आपोआप मिटले. संत्र्याची साल नखाने चिरली की येतो तसा वास, आणि त्याखाली भाजलेल्या जवाचा. मग एक घोट घेतला. कडवटपणा जिभेच्या मागच्या टोकाला जाऊन बसला, कारल्यासारखा आडमुठा. पण तो बसला न बसला तोच खालून गोडवा वर आला, गार, हलका, आणि फेसाचे बारीक बारीक बुडबुडे टाळूला गुदगुल्या करून विरून गेले. तिने दुसरा घोट घेतला तो पहिला खरा होता का हे बघायला. तिसरा घेतला तो... तिसऱ्याला काही कारण नव्हतं.

तो श्वास रोखून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"पयले कडू लागते," ती सावकाश म्हणाली. "मंग कडूच गोड वाटाले लागते. जव जरा जास्त भाजले तुमी. पन फुलं... फुलं लय चांगले हाये जी."

"साहेबाच्या शिवाय कोनी असं सांगतलं नाही मले!" त्याचा आनंद चेहऱ्यावर मावेना. "बाकीचे म्हनतात, कडू हाये, थुका."

"थुकाची कायले? थुकनाऱ्याले देऊ नोका."

"मंग कोनाले देऊ?"

ती हसली. ओठांवरच्या फेसाची मिशी तशीच ठेवून हसली. त्याने आपल्या ओठांवर बोट फिरवून खूण केली. तिने पदराने पुसलं, चुकीच्या बाजूचं. त्याने पुन्हा खूण केली. दोघं हसत सुटली, आणि हसता हसता एकदम थांबली. तो जरा जवळ आला होता, की ती? पावसाचे थेंब त्याच्या पापण्यांवर अडकले होते.

"तुमचं नाव—" तो म्हणाला.

तिने लोट्यात पाहिलं. लोटा रिकामा होता. सगळा तिने संपवला होता, त्याला घोटभरही न ठेवता!

आणि ती जुनी लाज धावत आली. भट्टीवाली. रक्तातच आहे, म्हणायच्या त्या पोरी. खरंच की काय? भल्या घरची मुलगी अशी चाखते, अशी पारखते? हा मुलगा कौतुकाने बघतो आहे, कारण याला लोणचं ठाऊक आहे. भट्टी कळली की याचेही डोळे बदलतील. तसे बदललेले डोळे तिने पाहिले होते. याचे तिला पाहायचे नव्हते.

"परवा... नाही, उद्या मले पाहाले पाहुने येऊन राहिले," ती म्हणाली आणि लोटा त्याच्या हातात देऊन पावसातून निघाली.

त्याने हाक मारली नाही. मारली असती तर तिला थांबावं लागलं असतं, म्हणून तिला बरं वाटलं. आणि मारली नाही म्हणून वाईटही वाटलं.

*

पाहुणे आले. रुख्मा मान खाली घालून ताटात पोह्यांच्या बशा आणि रव्याचे लाडू घेऊन बाहेर गेली. खादीचं धोतर, ते दुधरामजी. किरमिजी काठाचं लुगडं, त्या त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई. आणि तिसरे पाय... पायांवरून तिला काहीच कळलं नाही, पण बशी घेणाऱ्या हातांची नखं तेलाने काळवंडलेली होती. तिने वर पाहिलं.

कुरळे केस. लांब नाक.

त्याचा चेहरा असा उजळला, की सुलोचनाबाईंनी वळून मुलाकडे पाहिलं. देवा, हाच? हाच केवळराम? क्षणभर रुख्माला इतका आनंद झाला, की लाजायचंही राहून गेलं.

"पोरीच्या घरचा धंदा काय जी?" दुधरामजींनी विचारलं.

"धान्याचे व्यापारी," मावशी ठसक्यात म्हणाल्या. "बापजाद्यापासून. कामठ्याले दुसरे एक होते ना, भट्टीवाले, तेयच्याशी आमचं नुसतं आडनाव जुळते. आमच्या घरात थेंबाले कोनी शिवलं—" आणि बोलता बोलता त्यांची नजर केवळरामवर स्थिरावली. "अवो माय! हा तं तोच! गाडीतला दारूच्या बाटलीवाला!"

दुधरामजींनी बशी खाली ठेवली.

"खरं हाये?"

"हो बाबा," केवळराम म्हणाला. "बिअर होती. मी बनवतो. दोन सालं झाले."

"माह्या पोरानं..." दुधरामजींनी बशी दूर सारली.

"असल्या घरी आमी पोरगी देत नाही जी!" मावशींना आता चेव चढला होता. "आमच्या पोरीले वासबी ठाऊक नाही कसा असते तो!"

केवळरामने एकदा रुख्माकडे पाहिलं. काल बोडीच्या काठावर काय झालं, हे तो एका वाक्यात सांगू शकत होता. त्याने मान खाली घातली आणि तोंड मिटून घेतलं. कान लाल झाले होते. शरमिंदा होऊन तो आपल्या बापासमोर बसला होता, आणि तिच्या वाट्याची शरमही त्याने आपल्या डोक्यावर घेतली होती.

रुख्माला आजवर खूप वेळा लाज वाटली होती. पण ही वेगळी होती. ही आत दाबून ठेवता येईना.

"मीबी प्याली," ती म्हणाली.

मावशींनी तिचा दंड धरला. तिने सोडवून घेतला.

"काल मंडईत. लोटाभर. यायले घोटभरबी ठेवली नाही मी." तिचे शब्द अडखळत नव्हते. "अन लोनच्याचं खोटं होतं. भट्टी आमचीच होती जी. नुसतं आडनाव नाही जुळत. तो माहा आजाच होता. मले मडक्याले कान लावाले त्यानंच शिकवलं." तिने श्वास घेतला. "बिअर मले आवडली. अन हे... हेबी आवडले."

असं कुणी बोलतं का? पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर? मावशी मटकन खाली बसल्या. रुख्माचा चेहरा पेटल्यासारखा झाला होता, पण आत पळून जावं असं तिला वाटलं नाही.

दुधरामजी तिच्याकडे वळले.

"माह्या बापाचे मडके मी फोडले," ते म्हणाले. "त्याचं मले दुःख नाही. लय घरं बुडत होते त्यापायी. पन त्या दिवशी चौकात कोनीतरी मले विचारलं, हा भट्टीवाला तुहा कोन? मी म्हटलं, कोनी नाही. बाप तिथंच उभा होता." त्यांनी डोळ्यांवरून पंचा फिरवला. "त्याची लाज मले अजून झोपू देत नाही, पोरी. तू आज तुह्या आजाले नाही म्हटलं नाही."

सुलोचनाबाईंनी ताटातला रव्याचा लाडू उचलला. त्यांच्याकडची रीत अशी, की पसंती नसली तर पाहुणे गोडाला हात लावत नाहीत. त्यांनी अर्धा लाडू मोडून खाल्ला आणि अर्धा नवऱ्याच्या हातावर ठेवला.

"खा जी," त्या म्हणाल्या. "खरं बोलनारी पोरगी रोज पाहाले भेटत नाही."

दुधरामजींनी लाडू हातात धरला. "माह्या घरात थेंब येनार नाही," ते मुलाला म्हणाले.

"नाही येनार, बाबा," केवळराम म्हणाला. "अन गोंदियाले? माह्या खोलीत?"

"तिथं मी राहत नाही," दुधरामजी म्हणाले, आणि लाडू तोंडात टाकला.

मोठी माणसं तिथीचं बोलायला लागली. मावशी आतल्या आत धुमसत चहा गाळू लागल्या. केवळराम हात धुवायच्या निमित्ताने उठला, आणि रुख्मा त्याच्या हातांवर पाणी घालायला अंगणात गेली. पाऊस थांबला होता. ओल्या मातीत कोंबड्या चोची मारत होत्या.

"इतकं सारं बोलून गेल्या," तो हळूच म्हणाला. "लाज नाही वाटली?"

"वाटली," ती म्हणाली. "अजून वाटून राहिली. थांबतच नाही."

"मंग?"

"मंग काय? वाटू द्या." तिने गडव्यातलं उरलेलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. ते डोळे बदललेले नव्हते. "पन मान खाली नाही घालनार मी आता."